निरोगी माणसाच्या जबड्याचा सांधा कशाला तपासायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर शिक्षणात संशोधन करावंच लागतं, आणि त्यासाठी पुष्कळदा निरोगी माणसं हवी असतात. गोव्यात डिचोली, पेडणे, सत्तरी, फोंडा, कुठल्याही वाड्यावर असा एखादा विद्यार्थी असतो. तो आधी आपल्या मावशीला विचारतो, मग शेजाऱ्यांना, मग भजनी मंडळातल्या मित्रांना. ही मंडळी संमतीपत्राचा कागद हातात घेऊन माझ्याकडे येतात आणि विचारतात, "डॉक्टर, सही करू काय?" मी फोंड्यात दंतवैद्य आहे. तोंडाच्या आणि जबड्याच्या प्रतिमा वाचणं हा माझा अभ्यासाचा विषय. तेच तेच प्रश्न अनेकांकडून आले, म्हणून त्यांची उत्तरं इथे सविस्तर लिहिते.

मला काहीच त्रास नाही. मग माझ्या जबड्याचे फोटो काढून कोणाचं भलं होणार?

तुमच्यानंतर त्याच यंत्रात झोपणाऱ्या आजारी माणसाचं. एखाद्याला ताप आहे हे आपण सांगू शकतो, कारण बिनतापाच्या माणसाचं अंग किती गरम असतं हे आधी मोजलेलं आहे. जबड्याच्या सांध्याचंही तसंच आहे. अहवालात "चकती पुढे सरकली आहे" असं लिहिताना ती मुळात कुठे असते हे ठाऊक असावं लागतं. "हाडाचं टोक चपटं झालं आहे" म्हणताना न दुखणाऱ्या माणसांत ते किती जणांचं चपटं असतं, हेही कळायला हवं.

अनेक वर्षं प्रतिमा काढल्या गेल्या त्या मुख्यतः दुखणाऱ्या माणसांच्या. दुखणारीच माणसं पाहत राहिलं की त्यांच्या सांध्यात दिसेल ती प्रत्येक गोष्ट दुखण्याचं कारण वाटू लागते. हाड चपटं दिसलं, तर चपटं म्हणून दुखतंय. डावी बाजू उजवीपेक्षा लहान निघाली, तर लहान म्हणून दुखतंय. मग कोणीतरी न दुखणाऱ्या पन्नास जणांना तपासतं आणि त्यांच्यातही तेच दिसतं. त्या पन्नास जणांमुळे कितीतरी लोकांच्या नको त्या उपचारांना आळा बसतो. निरोगी माणसाने दिलेला एक तास मला म्हणूनच फार मोलाचा वाटतो.

हा सांधा नेमका कुठे असतो?

कानाच्या भोकाच्या अगदी पुढे, दोन्ही बाजूंना एकेक बोट टेकवा आणि तोंड हळूहळू उघडा. बोटाखाली काहीतरी हलून पुढे सरकतं आणि तिथे खळगा पडतो. तोच सांधा. बोलताना, जेवताना, गिळताना, जांभई देताना तो दिवसभर काम करतो, आणि दुखेपर्यंत तो आहे हे आपल्या गावीही नसतं.

खालच्या जबड्याच्या हाडाला दोन्ही बाजूंनी वर गेलेल्या फांद्या असतात. त्यांच्या टोकाला जी आडवी, लांबट गोटी असते तिला आम्ही कंडाईल म्हणतो. मोठ्या माणसात ती कानाकडून आतल्या दिशेला सुमारे १५ ते २० मिलिमीटर रुंद आणि पुढून मागे ८ ते १० मिलिमीटर जाड असते. ती सरळ आडवीही नसते, तिचं आतलं टोक जरासं मागे वळलेलं असतं. प्रतिमा काढताना या तिरकेपणाला फार महत्त्व आहे, त्याविषयी पुढे येईलच. ही गोटी कवटीच्या खोबणीत बसते. खोबणीचं छत इतकं पातळ असतं की कित्येकदा ते एक मिलिमीटरही भरत नाही, आणि त्याच्या लगेच वर मेंदूची जागा. खोबणीच्या पुढे हाडाचा एक उंचवटा आहे. तोंड पूर्ण उघडताना कंडाईल या उंचवट्याच्या उतारावरून खाली आणि पुढे घसरते.

म्हणजे हा सांधा गुडघ्यासारखा नुसता बिजागरीचा नाही. आधी गोटी जागच्या जागी फिरते आणि तोंड दोनेक बोटं उघडतं, मग ती घसरते आणि उरलेलं तोंड उघडतं. शिवाय खालचा जबडा एकच हाड असल्यामुळे डावा आणि उजवा सांधा एकमेकांना सोडून हलू शकत नाहीत. शरीरात अशी जोडी क्वचितच सापडते.

आणि "चकती" म्हणतात ती काय?

गोटी आणि खोबण यांच्यामध्ये तंतुमय कूर्चेची एक छोटी गादी असते, तीच डिस्क किंवा चकती. कडांना जाड आणि मधे पातळ. वडी मधोमध बोटाने दाबावी तसा तिचा आकार. तिच्यामुळे सांध्याचे वरचा आणि खालचा असे दोन कप्पे होतात. फिरण्याचं काम खालच्या कप्प्यात होतं, घसरण्याचं वरच्या. पातळ मधल्या भागात रक्तवाहिन्या आणि संवेदना नसतात, त्यामुळे चावण्याचा दाब तो निमूट सोसतो. चकतीच्या मागच्या मऊ भागात मात्र भरपूर रक्तपुरवठा आणि मज्जातंतू असतात. चकती पुढे गेली आणि दाब या मागच्या भागावर आला, तर दुखू शकतं. "शकतं" हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे.

निरोगी कोणाला म्हणायचं हे कोण ठरवतं?

सगळा अभ्यास या एका प्रश्नावर उभा असतो किंवा कोसळतो. "मला काही होत नाही" एवढं सांगून भागत नाही. चांगल्या अभ्यासात फोटो काढण्याआधी माणसाला नीट तपासतात. जबड्याचे आणि कानशिलाचे स्नायू ठरावीक दाबाने चाचपतात. तोंड उघडताना-मिटताना सांध्यावर बोट ठेवून आवाज येतो का ते पाहतात. समोरच्या वरच्या आणि खालच्या दातांमधलं अंतर पट्टीने मोजतात. साधारण ४० मिलिमीटर किंवा अधिक उघडलं तर ठीक मानतात. घरी पाहायचं असेल तर स्वतःची तीन बोटं उभी धरून दातांमध्ये जातात का पाहावं. या तपासणीसाठी जगभर एक ठरलेली पद्धत आहे. तिचा पहिला मसुदा १९९२ साली आला आणि सुधारलेली आवृत्ती २०१४ साली. तिच्यातले प्रश्न आणि चाचपणीच्या जागा ठरलेल्या असल्यामुळे गोव्यातल्या अभ्यासाची तुलना जपानच्या अभ्यासाशी करता येते.

याखेरीज काही जणांना वगळतात. जबड्याला मार लागलेले, संधिवात असलेले, तारा लावून दात सरळ करून घेतलेले, मागच्या बऱ्याच दाढा काढलेले, रात्री दात खाणारे. तुम्हाला नाकारलं तर वाईट वाटून घेऊ नका. सुपारी किंवा गुटखा नियमित चघळणाऱ्यांना मी आवर्जून वेगळं काढायला सांगते. सुपारीने गालाच्या आतलं अस्तर कडक होत जातं आणि तोंड उघडणं कमी होतं. तिथे सांधा ठणठणीत असूनही पट्टीवरचा आकडा लहान येतो, आणि निरोगी गटाची सरासरी बिघडते. तेव्हा जेवणानंतरचं पान विद्यार्थ्यापासून लपवू नका.

वयाची अट का असते?

कंडाईलचं हाड उशिरापर्यंत घडत असतं. तिच्यावरचा कडक, पांढरा दिसणारा थर साधारण विशी-बाविशीत पूर्ण होतो. १७ वर्षांच्या मुलात तो अर्धवट दिसला तर ते वाढीचं लक्षण. चाळिशीच्या माणसात तसंच दिसलं तर आम्ही सावध होतो. दोघांना एका गटात घातलं तर काहीच कळणार नाही. उतारवयात पुन्हा हाडाचा आकार दाबाप्रमाणे बदलत जातो, म्हणून वरचीही मर्यादा ठेवतात.

कोणत्या तपासणीत काय दिसतं?

ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचं क्षकिरण चित्र, सगळ्यांच्या ओळखीचा. उभं राहून हनुवटी टेकवायची आणि यंत्र डोक्याभोवती फिरतं. त्यात सगळे दात आणि दोन्ही सांधे एका लांब चित्रात येतात. सांध्याचं मोठं बिघडलेपण त्यात कळतं, पण चित्र ताणलेलं असतं, एकावर एक हाडं येतात, आणि मापं घेण्यासाठी ते भरवशाचं नाही.

सीबीसीटी १९९०च्या दशकाच्या अखेरीस दंतवैद्यकात आलं. शंकूच्या आकाराचा क्षकिरणांचा झोत डोक्याभोवती फिरतो आणि संगणक त्यातून त्रिमितीय प्रतिमा घडवतो. ही प्रतिमा छोट्या छोट्या घनांची असते, एकेक घन ०.१ ते ०.४ मिलिमीटरचा. कुठल्याही दिशेने काप घेऊन पाहता येतो. हाडासाठी याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. पण चकती त्यात दिसत नाही. सीबीसीटीच्या अहवालावरून कोणी चकती सरकल्याचं ठामपणे सांगत असेल, तर तो अंदाज आहे एवढं लक्षात ठेवा. कंडाईलभोवतीची मोकळी जागा कमी-जास्त दिसली की तसा तर्क करतात.

चकती पाहायची तर एमआरआयच. जिवंत माणसाच्या सांध्यातली चकती पाहण्यासाठी १९४०च्या दशकापासून सुईने सांध्यात औषध सोडून क्षकिरण चित्र काढत. ते वेदनादायक होतं, निरोगी माणसाला तसं टोचायला कोण धजावणार? १९८०च्या दशकाच्या मध्यावर या सांध्याचे एमआरआय होऊ लागले, आणि मगच निरोगी माणसांचे मोठे गट तपासता आले. हा विषय इतका तरुण असण्याचं कारण हेच आहे.

सोनोग्राफीतही सांध्याची बाहेरची बाजू दिसते, हालचाल चालू असताना पाहता येते आणि खर्च कमी. आतली बाजू हाडाआड जाते. शिवाय आपल्याकडे लिंगनिदानाविरुद्धच्या १९९४च्या कायद्याखाली प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंद लागते, त्यामुळे यंत्र उचलून वाड्यावरच्या शिबिरात नेता येत नाही.

क्षकिरणांनी काही होणार नाही ना?

एमआरआय आणि सोनोग्राफीत क्षकिरण नसतातच. ओपीजीत साधारण १० ते २५ मायक्रोसिव्हर्ट एवढा प्रारण (रेडिएशन) मिळतो. मायक्रोसिव्हर्ट हे तो मोजण्याचं एकक. निसर्गातून, म्हणजे जमीन, हवा, अन्न आणि आकाशातून, जगातल्या माणसाला वर्षाला सरासरी २,४०० मायक्रोसिव्हर्ट मिळतात, म्हणजे दिवसाला सहा-सात. तेव्हा एक ओपीजी म्हणजे दोन-चार दिवसांचा नैसर्गिक प्रारण. सीबीसीटीत यंत्र, चित्राचा आवाका आणि बारकावा यांवरून हा आकडा काही दहा मायक्रोसिव्हर्टपासून काही शेकडो मायक्रोसिव्हर्टपर्यंत जातो.

धोका फार लहान आहे. तरीही माझं मत स्पष्ट आहे: ज्याला काही होत नाही, त्याला केवळ संशोधनासाठी क्षकिरण देऊ नयेत. शिस्तीत चालणारे अभ्यास ही अडचण दुसऱ्या वाटेने सोडवतात. अक्कलदाढ काढण्यासाठी किंवा इम्प्लांट बसवण्यासाठी ज्यांचं सीबीसीटी आधीच काढलेलं आहे, त्यांच्या प्रतिमेत सांधे आले असतील तर तीच प्रतिमा त्यांच्या परवानगीने वापरतात. पण त्यालाही मर्यादा आहे. प्रतिमा आधी आणि तपासणी नंतर, किंवा तपासणीच नाही, असं झालं तर तो माणूस खरंच निरोगी होता का हे कळत नाही. तुमच्या कागदावर नवीन सीबीसीटी काढणार असं लिहिलेलं असेल तर विचारा, "माझ्या उपचारासाठी ते लागणार आहे काय?" उत्तर नाही असं आलं, तर सही न करण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. गर्भार असाल किंवा शंका असेल तर आधीच सांगा.

एमआरआयमध्ये काय काय करतात?

अंगावरचं धातूचं सगळं बाहेर काढून ठेवायचं. मंगळसूत्र, कुड्या, साडीच्या पिना, केसांचे आकडे, खिशातल्या किल्ल्या. १.५ टेस्लाचं चुंबक पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या हजारो पट तीव्र असतं. पेसमेकर, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतल्या रक्तवाहिनीवरची जुनी क्लिप, किंवा काम करताना डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण, यांतलं काहीही असेल तर यंत्राच्या खोलीत पाऊल टाकण्याआधी सांगायचं. जहाजबांधणीच्या किंवा वेल्डिंगच्या कामावर असलेल्यांना मी हा शेवटचा प्रश्न दोनदा विचारते. दातांना लावलेल्या तारा धोक्याच्या नसल्या तरी चित्र विस्कटतात.

मग कानांपुढे छोट्या कॉइल बसवतात आणि पाठीवर झोपवून आत नेतात. ठोकल्यासारखा मोठा आवाज येतो, कानात बोळे देतात. आधी दात मिटून चित्रं, नंतर तोंड उघडं ठेवून. तोंड उघडं धरायला दातांमध्ये प्लॅस्टिकचा ठोकळा देतात, काही ठिकाणी इंजेक्शनची सिरिंजही वापरतात. ही उघड्या तोंडाची काही मिनिटंच खरी अवघड. लाळ साठते, गिळावंसं वाटतं, आणि हललं की चित्र पुसट होतं. सगळं मिळून अर्ध्या तासाच्या आसपास धरून चाला. बंद जागेची भीती वाटत असेल तर आधी बोला. हातात दिलेली घंटी दाबली की केव्हाही बाहेर काढतात.

मघाशी कंडाईलच्या तिरकेपणाविषयी लिहिलं, तो इथे उपयोगी पडतो. काप डोक्याच्या सरळ रेषेत घेतले तर गोटी वाकडी कापली जाते आणि चकती असते तिथून भलतीकडेच दिसते. म्हणून तंत्रज्ञ आधी वरून एक चित्र घेतो, त्यावर प्रत्येक कंडाईलची लांब बाजू ठरवतो आणि तिला काटकोनात दोन-तीन मिलिमीटर जाडीचे काप योजतो. डावीकडचा कोन वेगळा, उजवीकडचा वेगळा. हे कष्ट न घेतलेली प्रतिमा मला वाचायला आली की मी ती परत पाठवते.

एवढ्या चित्रांतून मोजतात तरी काय?

मला सगळ्यात आवडणारा भाग हाच.

सीबीसीटीवर कंडाईल आणि खोबण यांच्यामधली मोकळी जागा पुढे, वर आणि मागे अशी तीन ठिकाणी मोजतात. जपानमधल्या इकेदा आणि कावामुरा यांनी २००९ साली २२ जणांचे २४ सांधे मोजले. चकती जागेवर असल्याची खात्री त्यांनी आधी एमआरआयने करून घेतली होती. सरासरी पुढे १.३, वर २.५ आणि मागे २.१ मिलिमीटर आली. तांदळाच्या एका दाण्याच्या रुंदीइतक्या जागेवर केवढे निर्णय अवलंबून असतात ते पाहा. ०.४ मिलिमीटरच्या घनांच्या प्रतिमेवर १.३ मिलिमीटर मोजायचं म्हणजे जेमतेम तीन घन. एका घनाची चूक झाली तरी उत्तर तिसऱ्या हिश्श्याने बदलतं.

गोटी खोबणीच्या मधोमध आहे की पुढे-मागे, हे सांगायला १९८०च्या दशकात पुलिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधं गणित रूढ केलं. मागच्या जागेतून पुढची वजा करायची, दोघींच्या बेरजेने भागायचं आणि शंभराने गुणायचं. उत्तर उणे १२ ते अधिक १२ मध्ये आलं तर गोटी मध्यावर. आता वरचे जपानी आकडे यात घालून बघा. २.१ वजा १.३ म्हणजे ०.८, भागिले ३.४, साधारण २३. म्हणजे चकती उत्तम जागी असलेल्या निरोगी सांध्यांची सरासरी गोटीही या गणितात मध्यावर बसत नाही, जरा पुढे येते. गोटी मध्यावर नाही एवढ्या एका कारणासाठी उपचार सुचवणाऱ्यांना मी हे गणित कागदावर करून दाखवते.

याशिवाय उंचवट्याचा उतार अंशांत मोजतात, खोबणीची खोली मोजतात, दोन्ही कंडाईलचे कोन मोजतात. समोरून पाहिलं तर गोटीचं डोकं चपटं, फुगीर, कोनदार की गोल, हे चार प्रकार येल यांनी १९६०च्या दशकात कोरड्या कवट्यांवरून सांगितले, ते आजही वापरतात. एमआरआयवर घड्याळाची रीत. कंडाईलचं डोकं म्हणजे तबकडी समजायची आणि चकतीची मागची जाड कड बाराच्या आसपास आहे का ते पाहायचं.

प्रत्येक माप त्याच माणसाने काही आठवड्यांनी पुन्हा घ्यायचं, आणि दुसऱ्या कोणीतरी पहिल्याचे आकडे न पाहता घ्यायचं. दोघांचं जुळलं नाही तर माप टाकून द्यावं. यात पुष्कळ वेळ जातो, आणि घाईच्या प्रबंधात याच ठिकाणी काटछाट होते.

डावी आणि उजवी बाजू सारखी नसली तर?

बहुतेकांची नसते. थोडा फरक सगळ्यांत सापडतो आणि तो निरोगीपणाचाच भाग आहे.

मी निरोगी म्हणून गेले आणि चकती सरकलेली निघाली. आता काय?

माझ्या बाबतीत अगदी हेच झालं, म्हणून हे उत्तर लांबेल.

शिकत असताना मैत्रिणीच्या अभ्यासासाठी मी एमआरआय करून घेतलं. दुखणं नाही, आवाज नाही, तोंड उघडतंय ४६ मिलिमीटर. चित्रात डावीकडची चकती पुढे सरकलेली. एका ज्येष्ठ डॉक्टरांनी ते पाहून सांगितलं की काही वर्षांत जबडा अडकेल. मी घाबरले. आठ महिने रात्री दातांवर प्लेट घालून झोपले. चणे सोडले, पोदेराकडचा, म्हणजे पाववाल्याकडचा, कडक उंडो पाव चहात भिजवून खाऊ लागले, जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरायची. मला त्रास काहीच नव्हता, तरी मी आजारी माणसासारखी वागत होते.

नंतर वाचत गेले तेव्हा १९९६ सालचा कॅट्झबर्ग आणि सहकाऱ्यांचा अभ्यास सापडला. कसलीही तक्रार नसलेल्या ७६ जणांपैकी २५ जणांत चकती सरकलेली होती, म्हणजे दर तीनांत एक. दुखणाऱ्या गटात हे प्रमाण १०२ पैकी ७९. या दोन आकड्यांकडे एकत्र पाहायला हवं. सरकलेली चकती आणि दुखणं यांचा संबंध आहे, नाही असं नाही. पण चकती सरकलेली असूनही आयुष्यभर सुखाने जेवणारी माणसं आपल्या आजूबाजूला खूप आहेत. त्यांच्या सांध्यात बहुधा मागचा मऊ भागच दाब घेऊन हळूहळू घट्ट होतो आणि चकतीचं काम करू लागतो.

म्हणून, त्रास नसेल तर केवळ चित्रावरून प्लेट नको, दात तासून चावा बदलणं नको, शस्त्रक्रिया तर नकोच. अहवाल जपून ठेवा. पुढे कधी दुखलं तर तो जुना अहवाल फार कामाचा ठरतो, कारण दुखणं सुरू होण्याच्या आधीपासूनच चकती सरकलेली होती हे त्यावरून कळतं. माझ्या डाव्या सांध्याला आजवर काही झालेलं नाही आणि उंडो मी कडकच खाते.

टक्कन आवाज येतो पण दुखत नाही. मला निरोगी गटात घेतील का?

बहुतेक अभ्यासांत नाही. पण तुम्हाला उपचारांचीही गरज नाही. आवाज काढून दाखवायची सवय मात्र सोडा.

जबडा पूर्ण उघडल्यावर गोटी उंचवट्याच्याही पुढे जाते असं लिहून आलंय. जबडा निखळतोय का?

नाही. पुष्कळ निरोगी माणसांत ती तशी जाते आणि आपोआप परत येते. निखळलेला जबडा मिटतच नाही, तेव्हा ते कळायला अहवाल लागत नाही.

मी भजनात गातो, नाटकातही काम करतो. त्याचा सांध्यावर परिणाम होतो का? मी भाग घेऊ का?

अवश्य घ्या, मात्र गाण्याची नोंद अर्जात करायला सांगा. आपल्या गावांत सप्ताहाला रात्र-रात्र आळीपाळीने गाणारी, जत्रेच्या नाटकांत मोठ्याने पल्लेदार संवाद म्हणणारी माणसं आहेत. निरोगी गटात अशी दहा माणसं आली आणि लिहून ठेवलं नाही, तर तोंड उघडण्याचे आकडे कोणामुळे मोठे आले हे नंतर शोधता येणार नाही. गाण्याने सांधा बिघडतो असं म्हणायला मला आधार दिसत नाही. थकवा येतो तो बहुधा स्नायूंना, आणि विश्रांतीने तो उतरतो.

गोव्यातल्या लोकांची मापं वेगळी असतात का?

असतील किंवा नसतील, ते मोजल्यावरच सांगता येईल, आणि मोजण्याचं खरं कारण हेच आहे. आम्ही शिकलो ते आकडे बरेचसे अमेरिका, युरोप आणि जपानमधले. चेहऱ्याची ठेवण, दात जुळण्याची पद्धत आणि सांध्याचा आकार यांचं नातं असतं. बाहेरचा आकडा आपल्या माणसाला लावून त्याला आजारी ठरवण्याआधी आपलाही आकडा हाताशी हवा.

पण त्यासाठी नमुना नीट निवडावा लागतो. बांबोळीला दंत महाविद्यालय आणि वैद्यकीय महाविद्यालय दोन्ही आहेत, तेव्हा सोपी वाट म्हणजे वसतिगृहातल्या तीस मुलांना बोलवायचं. ती सगळी एका वयाची आणि वेगवेगळ्या राज्यांतून आलेली. त्यांच्या सरासरीला गोव्याची सरासरी म्हणता येणार नाही. काणकोणचा शेतकरी, वाळपईची बागायत करणारी बाई, वास्कोचा गोदी कामगार, म्हापशाचा दुकानदार, असे सगळे यायला हवेत. आणि संख्या? सरासरीतली अनिश्चितता निम्मी करायची तर माणसं दुप्पट घेऊन भागत नाही, चौपट घ्यावी लागतात. २५ ऐवजी १००. वाळपईहून कदंब बसने येऊन अर्धा दिवस घालवणारी तुमच्यासारखी माणसं म्हणून लागतात.

माझा कान दुखतो, कानाच्या डॉक्टरांनी कानात काही नाही सांगितलं. मी निरोगी गटात बसेन का?

आधी जबडा दाखवा, संशोधनाचं नंतर. सांधा कानाच्या इतका जवळ आहे की दुखणं कुठलं हे माणसाला स्वतःला कळत नाही. १९३४ साली कॉस्टन नावाच्या अमेरिकन कान-नाक-घसा तज्ज्ञाने कानाच्या तक्रारींचा संबंध जबड्याशी जोडला, तिथून या दुखण्याकडे वैद्यकाचं लक्ष गेलं. त्यांची कारणमीमांसा पुढे टिकली नाही, निरीक्षण मात्र टिकलं. कानात कोमट तेल घालत बसू नका.

संमतीपत्रात काय बघून सही करायची?

तुम्हाला समजेल त्या भाषेतला कागद मागा. मराठीत हवा असेल तर मराठीत, कोकणीत हवा असेल तर कोकणीत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ची नीतिविषयक मार्गदर्शक तत्त्वं हेच सांगतात. कागदावर नीतिशास्त्र समितीची मंजुरी आणि तिच्याशी संपर्क कसा साधायचा हे हवं. तुमचं नाव काढून प्रतिमेला क्रमांक देणार का, प्रतिमा किती वर्षं ठेवणार, दुसऱ्या अभ्यासाला देणार का, हे विचारा. मध्येच माघार घेतली तरी तुमच्या पुढच्या उपचारांवर परिणाम होणार नाही, हे वाक्य असलंच पाहिजे. प्रवासखर्च मागण्यात कमीपणा नाही. आणि तपासणीचे पैसे तुमच्याकडून घेणार असतील तर उठून या.

एक प्रश्न लोक विचारायचा विसरतात: "चित्रात भलतंच काही दिसलं तर मला सांगणार काय?" डोक्याच्या प्रतिमेत सायनसमधली गाठ, लाळग्रंथीतली सूज, कधी मेंदूजवळचं काही अचानक दिसू शकतं. कोण सांगेल, किती दिवसांत, पुढे कुठे पाठवतील, हे आधी ठरलेलं असावं. तुम्हाला ते जाणून घ्यायचं नसेल तर तसंही लिहून देता येतं.

निरोगी आहे असं समजून थांबू नये, अशी लक्षणं कोणती?

तोंड अचानक दोन बोटांपेक्षा कमी उघडू लागलं. दात पूर्वीसारखे एकमेकांवर बसेनासे झाले. कानापुढे सूज आणि ताप. पडल्यावर किंवा दुचाकीच्या अपघातानंतर हनुवटीला मार लागला असेल, तर जखम हनुवटीला दिसते आणि हाड मोडलेलं असतं कंडाईलपाशी, हे फार वेळा निसटतं. पन्नाशीनंतर नव्याने कानशील दुखू लागलं आणि चावताना जबडा थकून थांबावं लागलं, तर तो सांध्याचा नसून रक्तवाहिनीच्या सुजेचा आजार असू शकतो. त्यात दृष्टी जाण्याचा धोका असतो, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. चालताना किंवा जिना चढताना जबड्यात कळ येते आणि थांबल्यावर जाते, तर हृदय तपासायला हवं. अशा वेळी दातांच्या दवाखान्यात न येता सरळ मोठ्या इस्पितळात जा.

जांभईनंतर तोंड उघडं राहिलं आणि मिटेना, तर घरच्या कोणाला जबडा ओढू देऊ नका. हनुवटी ओल्या टॉवेलने आधार देऊन धरा, बोलायचा प्रयत्न करू नका आणि जवळच्या इस्पितळात जा. जितक्या लवकर पोचाल तितका तो सहज बसतो, कारण वेळ जाईल तसे स्नायू आवळत जातात.